आज कोण दिसला नाही?

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

फ्रॅटर्निटीकडून, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठांत मुलं एकमेकांना भाऊ मानून चालवतात तशा संघटनेकडून, बिड म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण आल्याचं तू कळवलंस आणि दुसऱ्याच दिवशी नाशिकहून तुझ्या आईचा फोन आला. टीव्हीवर, मोबाइलवर काय काय पाहिलंय ते तिने सविस्तर सांगितलं. 'काका, जॉइन होऊ का?' हा तुझा प्रश्न. 'तो सुखरूप राहील ना?' हा तिचा. दोघांना एकदमच उत्तर देतो, म्हणून पत्र जरा लांबणार आहे.

तू जावंस असं मला वाटतं. मी याच वाटेने गेलो आणि आता आमच्या चॅप्टरचा, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या विद्यापीठातल्या शाखेचा, सल्लागार म्हणून दर सेमिस्टरला नवी मुलं बघतो. अठराव्या वर्षी साता समुद्रापलीकडे आलेल्या मुलाला हक्काची चार माणसं लागतात, आणि तीनशे जणांच्या लेक्चर हॉलमध्ये ती आपोआप भेटत नाहीत. मात्र सगळे चॅप्टर सारखे नसतात. घर किती मोठं, पार्ट्या किती, टी-शर्ट किती भारी यावर जाऊ नकोस. एखादा मुलगा दिसेनासा झाला, तर ते कुणाच्या आणि किती दिवसांनी लक्षात येतं, ते बघ. मी चॅप्टर त्यावरून ओळखतो.

याला जुना आधार आहे. न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाच्या गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. १९०५ साली तिथलं नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं, तेव्हा मोजक्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या ध्यानात आलं, की आदल्या वर्षी आपल्याबरोबर असलेले सहा जण परत आलेच नाहीत. गोऱ्या मुलांच्या मंडळांत त्यांना थारा नव्हता. परीक्षेच्या जुन्या प्रश्नांपासून राहायच्या खोलीपर्यंत ज्याचं त्याने निभवायचं. उरलेली मुलं मग एकत्र बसून अभ्यास करू लागली, एकमेकांना धरून राहू लागली. सुरुवातीला त्याचं रूप साहित्यमंडळासारखं होतं. फ्रॅटर्निटी काढायची की नाही यावर त्यांच्यात चांगले वादही झाले. शेवटी ४ डिसेंबर १९०६ रोजी सात विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फाची स्थापना केली. पुढे मार्टिन ल्यूथर किंग तिचे सदस्य झाले. ग्रीक अक्षरं आणि गुप्त विधी ही रीत गोऱ्यांच्या संघटनांमध्ये आधीपासून होतीच, ती त्यांनी घेतली. पण आपला माणूस गळू द्यायचा नाही, ही निकड त्यांची स्वतःची होती. या साऱ्या इतिहासात मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

नव्वदच्या दशकात दक्षिण आशियाई मुलांनीही आपापले गट उभे केले. १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सिग्मा बीटा रो, १९९८ मध्ये ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात डेल्टा एप्सायलॉन साय. तुला बिड कुणाची आली आहे यापेक्षा तुझ्या विद्यापीठातला तिचा चॅप्टर कसा आहे हे महत्त्वाचं. एकाच नावाचे दोन चॅप्टर दोन गावांत अगदी वेगळे निघतात.

आता रोजचं सांगतो, कारण भाऊपण रोजच्यातच कळतं. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी चॅप्टर मीटिंग असते आणि सचिव हजेरी घेतो. एका सेमिस्टरला थर्ड इयरचा एक मुलगा लागोपाठ गैरहजर राहिला. नियमाप्रमाणे दंडाचा ईमेल जाणार होता. त्याआधी त्याचा बिग, म्हणजे नवा असताना ज्या सीनियरच्या हाती त्याला सोपवलं होतं तो, त्याच्या खोलीवर गेला. टेबलावर नूडल्सचे रिकामे कप एकात एक रचून ठेवलेले, पडदे ओढलेले, लॅपटॉपवर अर्धवट सोडलेला असाइनमेंट. वडिलांची नोकरी गेली होती, ड्यूज म्हणजे सदस्यत्वाची वर्गणी थकली होती, आणि थकबाकीदारांची नावं मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवतात म्हणून तो यायचं टाळत होता. बिगने त्याला उपदेश केला नाही. कुकर लावला, वरण-भात केला, वर तूप घातलं आणि समोर बसून खायला लावलं. दुसऱ्या दिवशी खजिनदाराला गाठून ड्यूजचे हप्ते बांधून घेतले. यादी पडद्यावर दाखवायची पद्धत त्याच महिन्यात बंद झाली. त्या मुलाने पैसे पूर्ण भरले, त्याला सूट कुणीच दिली नाही. त्याच्या मानेवरचं लाजेचं ओझं तेवढं उतरवलं, आणि तो पुन्हा मीटिंगला येऊन बसू लागला.

नोट्स देणं, मॉक इंटरव्ह्यू घेणं, विमानतळावर सोडायला जाणं हे सगळं होतंच, त्यावर जास्त लिहीत नाही. तुझ्यासारख्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांबद्दल मात्र लिहायलाच हवं. सेमिस्टर जड गेलं की इथली मुलं 'एक कोर्स ड्रॉप कर, पुढच्या वर्षी घे' असा सल्ला सहज देतात. त्यांना तो चालतो. अंडरग्रॅडला दर सेमिस्टरला तुझे १२ क्रेडिट भरलेच पाहिजेत. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची आगाऊ परवानगी न घेता त्याखाली गेलास, तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. भाऊ प्रेमाने सांगतोय म्हणून सल्ला बरोबर असतोच असं नाही. आधी त्या कार्यालयात जा, मग ड्रॉपचं बटण दाब.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. इथे मी काही लपवणार नाही. २ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री पेन स्टेट विद्यापीठात एका फ्रॅटर्निटीच्या घरी नव्या सदस्यांना भराभर दारू पाजली गेली. टिमोथी पियाझा नावाचा १९ वर्षांचा मुलगा तळघराच्या जिन्यावरून पडला. घर भाऊ म्हणवणाऱ्यांनी भरलेलं होतं, कॅमेरे चालू होते. तरीही ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन लागायला जवळजवळ बारा तास गेले. ४ तारखेला तो गेला. चौकशीत एक गोष्ट बाहेर आली, ती मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. एक नवखा सदस्य त्या रात्री सांगत होता, की याला दवाखान्यात न्यायला हवं. त्याला बाजूला ढकलून गप्प केलं गेलं. त्या घरात त्या घटकेला खरा भाऊ तोच होता, आणि बाकीचे घराची अब्रू सांभाळत बसले होते. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने टिमोथीच्या नावाने हेझिंगविरोधी, म्हणजे नव्या सदस्यांच्या छळाविरुद्ध, कायदा केला.

तुझ्यावर तशी वेळ आली, तर कुणाची परवानगी मागू नकोस. हलवूनही माणूस उठत नसेल, श्वास अडखळत असेल, डोकं आपटलं असेल, तर ९११ फिरव. त्याला कुशीवर वळव, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, आणि मदत येईपर्यंत हलू नकोस. 'झोपू दे, सकाळी उतरेल' हे वाक्य कुणी म्हटलं, की तिथेच अडव. इथे २१ वर्षांखाली दारू प्यायला बंदी आहे, म्हणून मुलं पोलिसांना घाबरतात. पण मदत मागणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होऊ नये अशी तरतूद अनेक राज्यांच्या कायद्यात आहे. तुझ्या राज्यात आणि तुझ्या विद्यापीठात नेमका काय नियम आहे, तो आज शांतपणे वाचून ठेव, कारण त्या रात्री वाचायला वेळ मिळणार नाही. कुणी जगणं नकोसं झालंय असं बोलला, तर तेही हसण्यावारी नेऊ नकोस. ९८८ हा क्रमांक त्यासाठीच आहे. जवळ बसून फोन लावून दे. 'कुणाला सांगू नकोस' असं त्याने विनवलं, तरी सांग.

बिड घेण्यापूर्वी एवढं कर. नव्या सदस्यांचा कार्यक्रम किती आठवड्यांचा, त्यात काय काय करावं लागतं, हे स्पष्ट विचार. 'ते सांगता येत नाही' असं उत्तर आलं, तर विधीचं गुपित आहे की त्रासाचं, हे खोदून विचार. विधी गुप्त ठेवायला माझी हरकत नाही, आमचेही आहेत. पण नव्या मुलाचा फोन काढून घेणारा, झोपू न देणारा, बळजबरीने दारू पाजणारा चॅप्टर असेल, तर तिथून निघून ये. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार हेझिंगबद्दल दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल विद्यापीठांना जाहीर करावा लागतो. तो शोधून वाच. मधूनच सोडून गेलेल्या एखाद्या मुलालाही गाठ. त्याच्याकडून जे कळतं, ते रश वीकमध्ये, म्हणजे नवे सदस्य निवडायच्या आठवड्यात, कुणी सांगत नाही.

आणि आत गेलास, तरी बाहेरची माणसं तोडू नकोस. लॅब पार्टनर, महाराष्ट्र मंडळातली ओळख झालेली कुटुंबं, तुझा रूममेट, सगळे धरून ठेव. ज्या चॅप्टरला तुझे बाकीचे मित्र खुपतात, तो तुला आधार द्यायला नाही, ताब्यात घ्यायला बसलाय.

बिडला उत्तर द्यायची मुदत कधी संपते ते मला कळव. घाई करत असतील, तर चार दिवस मागून घे. चांगले लोक देतात. चॅप्टरच्या अध्यक्षाचा आणि रूममेटचा, दोघांचे नंबर आईला पाठव, आणि आज रात्री तिला फोन कर. तिच्याकडे तेव्हा सकाळ असेल.

तुझा,
काका