गाण्यांच्या वह्या आहेत, आवाज ‘रेडिओचा’ नाही

प्रश्न: नमस्कार ताई, मी मिरजेचा, वय 44, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. गाणी ऐकायचं वेड लहानपणापासून, घरात सकाळी विविध भारती लागायचं तेव्हापासूनचं. स्वतः गात नाही, पण शाळेत असल्यापासून वहीत गाणं, गायक, संगीतकार, गीतकार असं सगळं लिहून ठेवतो आणि आता अशा बऱ्याच वह्या झाल्यात. रेडिओवर काहीतरी करावं, गाण्यांवर लिहावं असं फार वाटतं. घरचे म्हणतात, तुझा आवाज काय अमीन सायानींसारखा आहे का? या वयात सुरुवात होते का, आणि कुठून करायची?

उत्तर: नमस्कार दादा. घरच्यांनी अमीन सायानींचं नाव घेतलंच आहे तर त्यांच्यापासूनच सुरू करते. त्यांच्या आई, कुलसुम सायानी, ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढायच्या, नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, भाषा मात्र एकच, साधी हिंदुस्थानी, नव्याने वाचायला शिकलेल्या माणसालाही कळेल अशी. त्या कामात आईला मदत करता करता अमीनभाईंची भाषा घडली, आणि लोकांना जे आपल्याशीच बोलल्यासारखं वाटायचं ना, ते गळ्यापेक्षा त्या भाषेतून आलेलं आहे. 1952 ला रेडिओ सिलोनवर गीतमाला हा त्यांचा फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा केसकर माहिती व प्रसारण मंत्री होते आणि आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना दारं जवळपास बंदच होती, अमीनभाईंना आठवड्याला 25 रुपये मिळायचे आणि त्यात लिहिणं, बोलणं, श्रोत्यांची पत्रं बघणं सगळंच आलं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की निवेदक हा आधी लेखक असतो, आवाज नंतर.

आणि तुमच्या वह्या! त्यांना कमी लेखू नका. 1949 च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर लताबाईंचं नावच नव्हतं, ‘कामिनी’ असं छापलेलं, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव. ऐकणाऱ्यांनी रेडिओला पत्रांवर पत्रं लिहिली की हे गातंय कोण, मग रेडिओने रेकॉर्ड कंपनीकडून नाव मागवून घेतलं आणि ते सगळीकडे गेलं. नाव बरोबर सांगणं ही एवढी मोठी गोष्ट आहे. आज इंटरनेटवर गीतकाराची नावं सर्रास चुकीची असतात, कुणाचं गाणं कुणाच्याही नावावर, मला फार त्रास होतो त्याचा. तुमच्यासारख्या माणसाने माईकसमोर बसायलाच हवं.

आता कामाचं. आकाशवाणीचं सांगली केंद्र तुमच्या शेजारी आहे. तिथे नैमित्तिक उद्घोषक, म्हणजे गरजेपुरते बोलावले जाणारे निवेदक, लागतात तेव्हा जाहिरात येते, मग लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मुलाखत. वयाची अट असते ती जाहिरातीत नीट वाचा. चाचणीत भारदस्त आवाज शोधतात असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात उच्चार, श्वास कुठे घेता, अनोळखी मजकूर न अडखळता वाचता का हे ऐकतात आणि ते सवयीने जमतं, रोज पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचा. निवड झाली तरी महिन्यात मोजक्याच ड्यूट्या मिळतात, तेव्हा पतसंस्थेची नोकरी सोडायची नाही, हे अगदी मोठ्या बहिणीच्या हक्काने सांगतेय.

जाहिरातीची वाट बघत बसू नका, लिहायला आजच लागा. पाच मिनिटांचं स्क्रिप्ट लिहा, साधारण साडेपाचशे शब्द होतात, आणि बोलून बघा, जिथे जीभ अडकते तिथलं वाक्य तोडा. ‘सुमधुर’, ‘अजरामर’ असले शब्द आले की खोडा, त्याऐवजी सांगा की अंतऱ्याआधी सारंगी कुठे येते, ताल कुठे बदलतो. विषय शोधायला लांब जायचं कशाला, तुम्ही मिरजेत राहता! सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांची आख्खी गल्ली आहे, भोपळे पंढरपूरकडून येतात, ते वाळवण्यापासून जवारी काढण्यापर्यंत, म्हणजे तारेचा झंकार जुळेपर्यंत घोडी घासण्यापर्यंत, किती हात लागतात ते तिथे बसून बघा, बोला त्यांच्याशी. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले, त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी मैफली होतात, मोठमोठे कलाकार येऊन गातात. पुण्या-मुंबईतले लोक यावर लिहायला प्रवास करून येतात आणि तुम्हाला ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

त्यातला एक लेख दिवाळी अंकाला पाठवा, पण अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यापासूनच सुरू होते म्हणून लवकर. दुसरा भाषणाच्या स्वरूपात करून केंद्राच्या कार्यक्रम विभागाला द्या, सोबत साधं पत्र, त्यात वह्यांचा उल्लेख नक्की करा.