मोटारी आणि प्रवासी एकत्र नेणारं विमान खरंच होतं का?

होतं की! ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटात खलनायकाची रोल्स-रॉइस विमानाच्या नाकातून पोटात जाते, ती सगळी कॅमेऱ्याची करामत असावी, असं तुम्ही प्रश्नात म्हटलंय. तसं नाही. ते विमान कारव्हेअर आणि तो विमानतळ इंग्लंडमधला साउथएंड. 1964 मध्ये चित्रपट आला तेव्हा तिथून पर्यटकांच्या साध्यासुध्या मोटारीही अशाच जात होत्या.

कल्पना मात्र त्याआधीची. महायुद्धानंतर इंग्लंडहून फ्रान्सला आपली गाडी न्यायची, तर बऱ्याचदा ती क्रेनने उचलून बोटीत ठेवत. मालकाच्या जिवाला घोर! 1948च्या जुलैत सिल्व्हर सिटी एअरवेजने केंटमधून समुद्रापलीकडच्या ल तूकेला ब्रिस्टॉल फ्रेटर विमानाने गाड्या न्यायला सुरुवात केली. वीसेक मिनिटांचं उड्डाण. फ्रेटरचं नाक कपाटाच्या दारांसारखं दोन्हीकडे उघडायचं आणि रॅम्पवरून गाडी थेट आत. आधी दोन मावायच्या, पुढे नाक लांबवलेल्या विमानात तीन. (फाळणीच्या वेळी निर्वासितांना आणण्या-नेण्याच्या कामातही ही कंपनी होती. आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.)

पण मला खरं कौतुक कारव्हेअरचं. मी सांताक्रूझला विमान देखभालीत तीस वर्षं काढली, त्यामुळे असली जुगाडं बघितली की हात शिवशिवतात. फ्रेडी लेकर यांच्या एव्हिएशन ट्रेडर्स कंपनीने नवं विमान बनवण्याच्या भानगडीत न पडता जुनी, स्वस्तात मिळणारी चार इंजिनांची डीसी-4 घेतली. त्यांना मालासाठी दार होतं, पण कुशीला. तिथून गाडी आत घेऊन काटकोनात वळवणार कशी? म्हणून पंखांच्या पुढचा भागच कापून नवा बसवला, मूळच्यापेक्षा 8 फूट 8 इंच लांब. कॉकपिट उचलून माळ्यावर नेलं आणि खाली एका बाजूला उघडणारं मोठं दार केलं. पुढचं चाक आत घेतलं की गाड्यांची जागा खाणार, म्हणून त्यासाठी पोटाखाली बाहेरून फुगवटा काढला. नाक वाढलं म्हणून शेपटीचा उभा पंखही मोठा करावा लागला. बाण पुढून जड-लांब केला तर मागची पिसंही वाढवावी लागतात, तसंच. कपाळावर टेंगूळ आल्यासारखं ते रूप बघून लोकांना जंबो जेट आठवतं, पण जंबो उडालं 1969 मध्ये आणि पहिलं कारव्हेअर 21 जून 1961 रोजी.

पुढे पाच गाड्या, मागे बावीस-तेवीस माणसं. नावही ‘कार व्हाया एअर’ वरूनच घडवलेलं. साउथएंडहून ती रॉटरडॅम, कॅले, ऑस्टेंडला जायची. आयर्लंडच्या एअर लिंगसने तर त्यातून शर्यतीचे घोडेही नेले.

मग बंद का पडलं? एका फेरीला पाचच गाड्या, हिशेब तिथेच फसला. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर तुम्ही गाडी चढवली असेल, तर वेगळं सांगायला नको. तशाच, पण प्रचंड मोठ्या बोटी इंग्लिश खाडीत वाढल्या आणि गाडी चालवत चढायचं, चालवत उतरायचं, इतकं ते सोपं झालं. 1968 मध्ये हवेच्या गादीवर पाण्यावरून सरकणारं, तीस गाड्या नेणारं हॉवरक्राफ्टही आलं. सत्तरीच्या दशकात विमानांची ही मोटारसेवा संपली.

कारव्हेअर एकूण 21 बनली, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत. फ्रेटर बघायचं असेल तर ब्रिस्टॉलजवळ फिल्टनच्या एरोस्पेस ब्रिस्टॉल संग्रहालयात एक आहे. न्यूझीलंडहून परत आणलंय ते. बोटीने!