वाचक विचारतात : माणसे बदलली, मेरा राहिल्या

प्रश्न (डिचोली) : जागतिक वारसा यादीत झेक प्रजासत्ताकातले होलाशोव्हित्से नावाचे एक खेडे आहे. तिथे राजवाडा नाही, किल्ला नाही, मोठे चर्चही नाही. मग ते यादीत कशासाठी? आणि मोबाईलच्या नकाशावर शोधले तर हे गाव पार पोलंडच्या हद्दीजवळ का दिसते?

उत्तर : आधी नकाशाचे पाहू. तुम्ही टाइप करताना एक खूण गाळलीत. झेक लिपीत रोमन 'एस'वर उलट्या छपरासारखी खूण असली की त्याचा 'श' होतो. खूण नसलेले होलासोव्हित्से हे वेगळे गाव आहे आणि ते ओपावा शहराजवळ, देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तुम्हाला हवे ते गाव दक्षिण बोहेमियात (बोहेमिया म्हणजे झेक देशाचा पश्चिम भाग), चेस्के बुड्येयोव्हित्से या शहराच्या पश्चिमेला सुमारे 15 किलोमीटरवर आहे. कारभार शेजारच्या यान्कोव गावातून चालतो. परिसर सखल, ओलसर जमिनीचा; दक्षिणेला ब्लान्स्की लेस हे डोंगराळ रान आणि त्यातले 1084 मीटर उंचीचे क्लेत शिखर. उच्चाराची चिंता नको. शेवटचा 'त्स' म्हणजे आपल्या 'चांगला'मधला च. इंग्रजांची जीभ जिथे अडखळते, तिथे मराठी आणि कोंकणी बोलणाऱ्यांची सहज वळते.

आता यादीत कशासाठी, ते. गावाचा पहिला लेखी उल्लेख 1263 चा. 1292 मध्ये राजा दुसरा व्हेन्सेस्लास याने ते व्हिश्शी ब्रोद येथील सिस्टर्शियन (कॅथलिक संन्याशांचा एक पंथ) मठाला दिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते मठाकडेच राहिले. 1520 ते 1525 या काळात प्लेगने गाव जवळजवळ पुसून टाकले. दोनच माणसे वाचली असे सांगतात. मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून जर्मन शेतकरी आणून वसवले. 1530 च्या यादीत 17 जण आहेत, त्यात झेक नावेही आहेत; पण हळूहळू गाव जर्मन भाषिक झाले. 1895 पर्यंत प्रमाण 157 जर्मन आणि 19 झेक असे उलटले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांना देशाबाहेर काढले, घरे ओस पडली आणि साम्यवादी राजवटीत पडझड झाली. दुरुस्ती 1990 नंतर सुरू झाली, 1998 मध्ये वारसा दर्जा मिळाला. (जुन्या गोव्याच्या चर्चना तो 1986 मध्ये मिळाला होता.)

म्हणजे या गावातली माणसे दोनदा बदलली, पण मधल्या मोकळ्या जागेची हद्द, घरांचे प्लॉट आणि मागच्या शेतांची दिशा मध्ययुगातलीच राहिली. यादीत नोंद आहे ती या आखणीची आणि तिच्यावर नंतर उभ्या राहिलेल्या घरांची. पैसा नसल्याने साम्यवादी काळात कोणी घरे पाडून नवी बांधली नाहीत, हाही नशिबाचाच भाग म्हणायचा.

प्रश्न (फोंडे) : फोटोत सगळ्या घरांची अरुंद बाजू मैदानाकडे आणि मध्ये मोठी कमानीची फाटके दिसतात. आपल्या जुन्या घरांत राजांगण आत असते. यांचे अंगण कुठे?

उत्तर : अंगण फाटकाच्या आत. मधल्या मोकळ्या जागेला झेकमध्ये 'नावेस' म्हणतात. इथले नावेस सुमारे 210 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद आहे. त्याच्याभोवती 23 शेतकरी घरे आहेत. कोठारे, गोठे धरून संरक्षित इमारती 120. नावेसवर तळे, लोहाराची भट्टी आणि 1755 चे सेंट जॉन नेपोमुक यांचे छोटे चॅपेल. पाण्यात बुडवून मारलेला हा संत पूर-पाण्यापासून राखण करतो अशी तिथली श्रद्धा आहे, म्हणून दक्षिण बोहेमियात पूल आणि तळ्याजवळ तो हमखास सापडतो.

एका घराची मांडणी अशी : डावीकडे किंवा उजवीकडे राहते घर, त्याची त्रिकोणी भिंत मैदानाकडे. समोरच्या बाजूला तसेच दुसरे लहान घर किंवा धान्याचे कोठार. दोघांना जोडणारी भिंत, तिच्यात गाडीसाठी मोठे फाटक आणि माणसांसाठी शेजारी छोटे दार. आत चौकोनी आवार, बाजूला गोठे, आणि सर्वांत मागे आडवे कोठार. या मागच्या कोठाराला आरपार दारे असतात, म्हणून पीक भरलेली गाडी शेतातून थेट आवारात येते. कोठाराच्या मागून पट्टा शेत सुरू. प्रत्येकाला मैदानावर तोंड हवे, म्हणून अरुंद बाजू पुढे.

त्या लहान घराला 'विमेनेक' म्हणतात. मुलाच्या नावावर शेती केली की म्हातारी जोडी तिकडे राहायला जाते, पण भरवशावर नव्हे, करारावर : वर्षाला इतके धान्य, इतके लाकूड, इतके दूध. आपल्याकडे दायजाच्या तंट्यात वकिलांची पोटे भरतात, तिथे हिशेब आधीच लिहून ठेवायचे.

नक्षीदार दर्शनी भिंती मात्र इतक्या जुन्या नाहीत. 1848 मध्ये वेठबिगारी संपली आणि शेतकरी जमिनीचे मालक झाले. हातात पैसा आला तेव्हा त्यांनी दर्शनी भाग वळणदार चुन्याच्या नक्षीने सजवले आणि अनेकांनी वर साल कोरले. घरे तशी साधीच, नक्षी मात्र सरदारांच्या वाड्यातली. म्हणून याला 'शेतकरी बरोक' म्हणतात; बरोक ही युरोपातली वळणदार, नक्षीदार बांधकामशैली.

दुरुस्तीत घोटाळा होतो तो सिमेंटमुळे. चुन्याच्या भिंतीतला ओलावा चुन्यातून बाहेर सुटतो. वर सिमेंटचा थर बसवला की तो आत अडकतो, हिवाळ्यात गोठून फुगतो, आणि नक्षी पापुद्र्यासारखी सुटते. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही; पण चिऱ्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट मारून दोन पावसाळे थांबा, क्षार फुटून भिंत पांढरी होते की नाही बघा. जुना थर काढून चुन्याचाच गिलावा पातळ थरांनी द्यावा आणि प्रत्येक थर सुकू द्यावा.

प्रश्न (मडगाव) : आमच्या कोमुनिदादीचे (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे) कागद वाचताना पोर्तुगीज मोजमापांनी डोके फिरते. तिकडच्या गावांचे जुने नकाशे वाचणे तितकेच कठीण आहे का?

उत्तर : त्या मानाने सोपे, कारण आखणी एकाच मापाने झाली. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने 1817 मध्ये फर्मान काढले आणि बोहेमियाची मोजणी 1826 ते 1843 या काळात झाली. प्रमाण 1 : 2880. विचित्र वाटणाऱ्या या आकड्याचे कोडे असे : नकाशावरचा एक व्हिएन्नी इंच म्हणजे जमिनीवर 40 वाव, आणि वावात 72 इंच, 40 गुणिले 72 बरोबर 2880. एक चौरस इंच म्हणजे 1600 चौरस वाव, म्हणजेच एक 'यित्रो', आजचे सुमारे 5755 चौरस मीटर. पट्टी ठेवून कुठलेही शेत घरबसल्या मोजता येते.

रंगही बोलतात. पिवळी इमारत लाकडाची, आगीला बळी पडणारी. गुलाबी इमारत दगड-विटांची. गडद लाल म्हणजे चर्चसारखी सार्वजनिक. एखाद्या गावात 1827 च्या नकाशावर पिवळे असलेले घर आज विटांचे दिसले, तर बदल त्यानंतरचा हे पक्के.

दोन गोष्टींत लोक फसतात. घर क्रमांक 1770-71 मध्ये सैन्यभरतीच्या नोंदीसाठी आले आणि नंतरच्या घरांना बांधणीच्या क्रमाने पुढचे आकडे मिळाले. म्हणून 5 च्या शेजारी 31 असणे चूक नव्हे. त्यावरून उलट 31 हे घर नंतरचे हे कळते. दुसरे, जुन्या नोंदी जर्मनमध्ये, तीही वळणदार हस्तलिपीत असतात. आधी आडनावे ओळखण्याचा सराव करा, मग वाक्यांकडे वळा. 1526 चा आपला फोराल (गावांच्या रूढींची पोर्तुगीज सनद) वाचणाऱ्यांना ही तऱ्हा माहीत आहे.

प्रश्न (साखळी) : तिकडच्या तळ्याला आपल्या खाजणासारखी मानस (पाणी अडवण्या-सोडण्याचे दार) असते का?

उत्तर : नाही. आपली मानस भरती-ओहोटीवर चालते, दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि उघडतात. तिथे समुद्रच नाही. माशांच्या मोठ्या तळ्यांत बांधाजवळ एक उभी पेटी असते, तिच्यात एकावर एक फळ्या. शरद ऋतूत वरची फळी काढायची, पाणी थोडे उतरू द्यायचे, मग दुसरी. घाईने दोन-तीन फळ्या एकदम काढल्या तर मासे चिखलात अडकतात. सावकाश उतरवले की ते खोल खड्ड्याकडे सरकतात आणि तिथे जाळ्यात सापडतात. 1590 मध्ये पूर्ण झालेले रोझम्बेर्क तळे सुमारे 489 हेक्टरचे आहे आणि त्यातला कार्प मासा नाताळच्या आदल्या रात्री ताटात येतो. होलाशोव्हित्सेच्या नावेसवरचे तळे मात्र त्यापुढे खूपच छोटे : गुरांना पाजायला, हंस-बदकांना आणि आग लागली तर बादल्या भरायला.