नागरिकत्व बदलताना

प्रिय मुली,

तिकडच्या देशाचं नागरिकत्व घेण्याबद्दलचं तुझं पत्र मिळालं. आधी व्यवहाराचं सांगतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडचं घेतलंस की इकडचं संपतं, पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत सरकार देतं ते कार्ड, काढलंस तर येण्याजाण्याला व्हिसा लागत नाही, पण इथे मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. घरच्या शेतीत तुझा वाटा असेल तर त्याबद्दल जाणत्या वकिलाला आधीच विचार.

तुझी घालमेल मात्र कागदांची नाही. ‘आता मी मराठी उरेन का?’ असं तू विचारतेस. मॉरिशसकडे बघ. १८३४पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर करारानं मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसंही होती. त्यांच्या वंशजांच्या घरांत आज बहुतेक क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली तिथली भाषाच कानावर पडते. तरी तिथल्या शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

बेने इस्रायलींची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेले हे ज्यू १९४८नंतर मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. ज्या भूमीला आपली मानलं, तिथेच त्यांच्या लग्नांच्या वेळी ‘हे खरे ज्यू का?’ अशी चौकशी सुरू झाली. त्यांनी आंदोलन केलं, आणि १९६४ साली ते पूर्णपणे ज्यू असल्याचं तिथल्या सरकारला जाहीर करावं लागलं. अशा वेळी मराठीपण झाकून ठेवणं सोयीचं झालं असतं. त्यांनी पोहे-नारळाचा मलिदा सोडला नाही, मराठीत नियतकालिकही चालवलं. दोन्हीकडचं असण्यासाठी त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही. तूही मागू नकोस, नातेवाइकांची तर मुळीच नको.

तिथल्या महाराष्ट्र मंडळात जा, पण नुसतं जेवून येऊ नकोस. मुलांच्या मराठी शाळेत शिकवायला माणसं कमी पडतात, तिथे एक वर्ग घे. आडनावावरून जात काढणारे तिथेही भेटतील. त्यांच्याशी जुळवून घेण्याची काही गरज नाही, ते ओझं समुद्रापार न्यायचं नसतं.

आणि नागरिकत्वाची शपथ घेतलीस की मतदार म्हणून नाव लगेच नोंदव. ज्या गावात कर भरतेस, तिथल्या शाळा नि रस्त्यांबद्दल तुझंही मत मोजलं जायला हवं. शपथेची तारीख ठरली की कळव.

तुझा,
काका