राणीला कव्हर आधी, वल्कन नंतर

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहतो. कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गोडो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये कॅरमचा थ्रीडी गेम करतोय. सोंगट्या आपटतात, भोकात जातात. पाळी, फाउल आणि राणीचं कव्हर अजून राहिलंय. मित्र म्हणतो, इंजिन सोड, थेट वल्कन, म्हणजे ग्राफिक्स चिपला स्वतः हुकूम द्यायची पद्धत, शिक. ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग आत्ताच सुरू करू की नोकरी लागल्यावर? माझं गणित बेताचं आहे आणि लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आणखी एक, कॅमेरा फिरवला की बोर्डावरची नक्षी लुकलुकते. असं का होतं?

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघेल.

बोर्डाचं लाकूड हा एक पृष्ठभाग आणि मधलं वर्तुळ, बाण हा दुसरा, असे दोन्ही तू नेमक्या एकाच उंचीवर ठेवले असणार. ग्राफिक्स चिप पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलपाशी एक आकडा लिहून ठेवते : इथे जे दिसतंय ते कॅमेऱ्यापासून किती लांब आहे. नवीन काही रंगवायचं आलं की ती हा आकडा ताडून बघते आणि जे जवळ असेल ते ठेवते. या आकड्यांच्या साठ्याला डेप्थ बफर म्हणतात. लाकूड आणि नक्षी एकाच अंतरावर असली की निकाल दशांशातल्या शेवटच्या अंकांवर ठरतो. एका पिक्सेलला लाकूड जिंकतं, शेजारच्याला नक्षी, आणि कॅमेरा जरा हलला की सगळं उलटंपालटं होतं. नक्षी केसभर वर उचल. तरीही लांबून लुकलुकली तर कॅमेऱ्याची ‘नियर’ ही किंमत, म्हणजे किती अंतरापासून पुढचं रंगवायचं ती मर्यादा, बघ. ती फार लहान असेल तर आकड्यांची बहुतेक बारकाई कॅमेऱ्याच्या नाकासमोरच खर्च होते. बोर्ड जेमतेम ७४ सेंटिमीटरचा आहे आणि कॅमेरा हातभर लांब असेल, तर नियर १० सेंटिमीटर ठेवून काही बिघडत नाही. मी असते तर नक्षी लाकडाच्या टेक्स्चरमध्येच, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रातच, रंगवून टाकली असती.

आता कधी सुरू करायचं ते. माझं ठाम मत आहे की आधी कॅरम पुरा कर. पाळी, फाउल, राणीचं कव्हर, गुण, जिंकल्याचा पडदा, सगळं झालं पाहिजे, आणि मग तुझा गेम घरातल्या कोणीतरी तुझ्या मदतीशिवाय खेळला पाहिजे. यात चार-सहा आठवडे जातील. दरम्यान असे लुकलुकणारे प्रश्न आणखी पडतील : सोंगटीची सावली दातेरी का, वार्निश चमकत का नाही, फोनवर गेम अडखळतो का. ते वहीत लिहून ठेव. ती वही हाच तुझा अभ्यासक्रम, आणि गेम पुरा झाला त्याच आठवड्यात त्यातल्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात कर. नोकरीपर्यंत थांबू नकोस.

हे इतक्या आग्रहाने सांगते, कारण मी उलट्या क्रमाने शिकले. पुरा केलेला एकही गेम हातात नसताना तीन महिने ओपनजीएल, म्हणजे वल्कनच्या आधीची तशीच पद्धत, घेऊन बसले होते. दुसऱ्याचा कोड उतरवून फिरता ठोकळा काढला, पण तो का दिसतो ते मला सांगता येत नव्हतं. पुढे अंधेरीच्या पहिल्या नोकरीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आलेखाचा कागद पुढे सरकवला. ‘तीन बिंदू मांड, त्रिकोण जोड, आणि ज्या चौकटीचा मध्य आत पडतो तीच रंगव.’ मग तीन कोपऱ्यांना लाल, हिरवा, निळा दिला आणि अधल्यामधल्या एका चौकटीचा रंग काढायला लावला. दादरला गाडी बदलून मुलुंडला उतरेपर्यंत तो कागद माझ्या हातात होता. चिप हेच काम करते. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० चौकटी, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे प्रत्येक चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. तू हे कागदावर एकदा कर आणि मग साध्या लूपने प्रोग्रॅममध्ये कर. डिप्लोमाला ब्रेसनहॅमची रेषा, म्हणजे चौकटींवर सरळ रेघ काढायची रीत, घोकली असशील, ती इथे पुन्हा भेटेल.

गणिताची धास्ती सोड. आज रात्री दिवा मालवून फोनचा टॉर्च वहीच्या पानावर सरळ धर, मग पान हळूहळू तिरकं कर. तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरतो, म्हणून पान मंद दिसतं. ६० अंश तिरकं झालं की उजेड निम्मा, ९० ला शून्य. हीच कोसाइन, हाच डॉट प्रॉडक्ट (दोन दिशा किती जुळतात ते सांगणारा गुणाकार), आणि लॅम्बर्टने १७६० साली मांडलेला हा नियम आजही शेडरमध्ये, म्हणजे चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, एका ओळीत लिहितात. व्हेक्टर, डॉट, क्रॉस आणि मॅट्रिक्सचा गुणाकार एवढ्यावर वर्षभर निभतं.

पहिला शेडर गोडोमध्येच लिही. त्याची शेडरची भाषा ओपनजीएलच्या भाषेच्या जवळची आहे. सोंगटीच्या कडेला उजळ रेघ आण. टॉर्चचंच गणित, फक्त उजेडाच्या दिशेऐवजी नजरेची दिशा घ्यायची आणि आलेलं उत्तर एकातून वजा करायचं. रेंडरडॉक हे फुकट साधन उतरवून घे. ते तुझ्या गेमचं एक चित्र पकडतं आणि कुठली सोंगटी कितवी रंगवली ते पायरीपायरीने दाखवतं. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक नवख्याला मी आधी हेच उघडायला लावते. हे सगळं तुझ्या लॅपटॉपच्या आतल्या चिपवर चालतं.

मित्राचं वल्कन वाईट नाही, पण ते आत्ता नको. १९९२ पासूनचं ओपनजीएल बरंच काम ड्रायव्हरवर, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोपवतं. २०१६ साली आलेल्या वल्कनमध्ये मेमरी कुठली, कोणतं काम कोणासाठी थांबणार, हे सारं स्वतः सांगावं लागतं. एक त्रिकोण दिसायला हजारेक ओळी लागतात. ओपनजीएलमध्ये स्वतःचा छोटा देखावा उभा केलास आणि त्याचा वेग अडला, की त्या हजार ओळींतली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते तुला कळेल. गेमप्ले लिहिण्यातच मन रमलं तर तिथवर जाण्याची गरजही नाही. ते तितकंच अवघड आणि तितकंच मोलाचं काम आहे.

नक्षी वर उचलून लुकलुक थांबली का, ते कळव. आणि राणी घेतल्यावर कव्हर चुकलं तर ती बोर्डाच्या मध्यावर परत येते का, तेही.