नाशिकहून कामासाठी वरचेवर एकटाच कारने मुंबईला जातो. प्रदूषण कमी करायला आधी ई-स्कूटर घेऊ का?

स्कूटरचं नंतर बघा, आधी मुंबईची कार सोडा आणि पंचवटी एक्सप्रेस पकडा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला 15 किलोमीटर धरले, तर एका बाजूच्या 170 किलोमीटरला सव्वाअकरा लिटर, म्हणजे जवळपास 26 किलो. तेही एकट्यासाठी! कसारा घाटात ट्रकमागे रखडलात की अ‍ॅव्हरेज आणखी पडतो. त्यापुढे शहरातल्या शहरात गंगापूर रोड ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) स्कूटरवर वाचलेलं पेट्रोल म्हणजे चिल्लर. रेल्वेची वीजही बरीचशी कोळशाचीच (एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या नाशिकरोडकरांना दाखवायला नकोत), पण ती शेकडो प्रवाशांत वाटली जाते. गाडी सकाळी लवकर सुटते, त्यामुळे शहरातून नाशिकरोड गाठायला सिटीलिंक या शहर बसची वेळ आदल्या रात्रीच ॲपवर बघून ठेवा. नाही जमली तर शेअर रिक्षा. मात्र चौघं मिळून एकाच कारने जात असाल, तर माणशी आकडा साडेसहा किलोवर येतो. तेव्हा कार खुशाल न्या.