"ते वहीत लिहितात, मला सांगत नाहीत"

"मॅडम, हे रोज रात्री वहीत काहीतरी लिहितात. मला दाखवत नाहीत. वाचू का?"

जोडप्यांचं समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. कधी वहीच्या जागी फोनमधल्या नोट्स असतात, कधी नवऱ्याच्या जागी बायको असते. धास्ती मात्र तीच. कागदाला सांगता येतं, मग मला का नाही? आणि बहुतेकदा "वाचू का" विचारेपर्यंत वाचून झालेलं असतं.

म्हणून एका जोडप्याबद्दल लिहिते. दोघांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सात-आठ बैठकांमधलं मोजकंच इथे येईल. बोलणं सगळं कोकणीतून झालं. वही मात्र मराठीत होती. गोव्यात आमच्यापैकी कित्येकांचं असंच आहे, भांडण कोकणीत आणि पत्र मराठीत. मनातलं शांतपणे मांडायची वेळ आली की हात आपोआप शाळेतल्या भाषेकडे वळतो.

ती डिचोली तालुक्यातली, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तो खाणीवर काट्यावर होता, भरून आलेल्या ट्रकांची वजनं लिहून घ्यायचा. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि तो घरी बसला. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा दुसऱ्याच्या हाताखाली नको म्हणून २०१७ मध्ये कर्ज काढून खनिज वाहायला स्वतःचा टिपर ट्रक घेतला. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणींच्या लीज रद्द केल्या, १६ मार्चपासून काम बंद झालं. हप्ते बंद झाले नाहीत. त्या भागातल्या माणसाला या तारखा पाठ असतात, घरातल्या मृत्यूच्या असतात तशा. पुढे टिपर पडेल भावाने विकला, उरलेलं कर्ज तिच्या पगारातून फिटत आलं आणि तो कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करू लागला. वही तेव्हापासूनची.

ती पहिल्यांदा एकटीच आली.

"भांडण नाही आमचं. आवाजसुद्धा चढत नाही. पण ते देवळात येत नाहीत. पूर्वी पालखीला खांदा द्यायला पुढे असायचे, आता जत्रेलासुद्धा काहीतरी कारण काढतात. मी एकटीच जाते. लोक विचारतात."

"तुम्हाला काय वाटतं, का येत नसतील?"

"देवावरचा विश्वास उडाला त्यांचा. आणि माझ्यावरचाही."

मग तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली. वहीतलं एक वाक्य तिने उतरवून आणलं होतं: "त्या दिवशी हिला देवळात नेलं नसतं तर बरं झालं असतं."

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगते. मोठं काही करायचं झालं की आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाकळ्या पाण्याने मूर्तीला चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि थांबतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार. टिपर घेण्यापूर्वी कौल लावायचा हट्ट हिचा होता. "देवीला विचारल्याशिवाय एवढं कर्ज नको," असं तीच म्हणाली होती. कौल उजवा आला. तेव्हा त्या एका वाक्याचा अर्थ तिच्यापुरता स्पष्ट होता: माझ्यामुळे बुडालो असं त्यांना वाटतं. तोंडावर बोलत नाहीत, वहीत बोलतात.

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. यापुढे वही उघडायची नाही. आणि उघडली होती हे त्यांना सांगायचं.

"मग ते लिहायचेच बंद होतील."

"होतील कदाचित. पण तुम्ही आत्ता त्यांच्याशी भांडताय ते त्यांना न सांगता. त्यांना उत्तर द्यायची संधीच नाही."

सांगायला तिला दोन आठवडे लागले. एका रविवारी बांगडे साफ करताना, तोंड सिंककडे असतानाच तिने सांगून टाकलं. तो काही बोलला नाही. वही उचलून स्कूटरच्या डिकीत ठेवली. चार दिवस कामापुरतं बोलला. पाचव्या दिवशी म्हणाला, "त्या मॅडमकडे मीपण येतो."

हेल्मेट मांडीवर ठेवून बसलेला तो माणूस मला आजही दिसतो. पहिला पाऊण तास "हो", "नाही" आणि "बरं आहे". शेवटी मी वहीबद्दलच विचारलं, पण आत काय लिहिलंय ते सोडून. कुठली वही आहे, कधी लिहिता? तो जरा सैलावला. काट्यावर असताना रोज ट्रकांचे नंबर आणि वजनं लिहायची सवय होती. काम गेलं, हाताला मात्र लिहायची खोड राहिली. आधी नुसते हप्ते लिहायचा. हळूहळू हप्त्यांच्या खाली दोन ओळी येऊ लागल्या. "तिथे कोण अडवत नाही," तो म्हणाला.

हे वाक्य बायकोला लागलं. तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण मला तिथेच वाट सापडली.

ती स्वभावाने मास्तरीण. समोरच्याने अडचण सांगितली की तिचं उत्तर तयार. पाळी बदलून घ्या, साहेबांशी बोला, झोपायच्या आधी दूध प्या. सगळं प्रेमापोटी. आणि तो गप्प बसायला शिकला होता. अशा घरात वही तयार होते ती बायकोपासून लपण्यासाठी असतेच असं नाही. मध्ये कोणी न बोलता वाक्य पूर्ण व्हावं, एवढ्यासाठी ती असते.

माझं लहानपण पेडण्यातलं. देवळात गाऱ्हाणं घालतात ते मी परकऱ्या वयापासून ऐकत आले आहे. गाऱ्हाणं घालणारा देवापुढे गावाची, घराची दुखणी एकेक करून सांगतो, आणि मागे उभे असलेले प्रत्येक वाक्याला म्हणतात, "व्हय म्हाराजा." एवढंच. "पण तू असं करायला हवं होतंस," असं मधे कोणी म्हणत नाही. पुस्तकांतून मी ऐकण्याबद्दल खूप वाचलं, ते उपयोगीही पडलं. पण ऐकणं म्हणजे काय हे मला त्या मागे उभ्या असलेल्या माणसांनी शिकवलं. समोरच्याला योग्य वाट दाखवणं हे माझं काम आहे असं मला कधीच वाटलेलं नाही. त्याचं बोलणं शेवटपर्यंत जाऊ दिलं तर वाट बहुधा त्यालाच दिसते.

मी दोघांपुढे एक प्रस्ताव ठेवला. दर बैठकीत तो वहीतलं एक पान वाचेल. कुठलं ते तोच ठरवेल. ती फक्त "हं" म्हणेल.

"मी काहीच बोलायचं नाही?" तिने विचारलं.

"दहा मिनिटं नाही."

पहिलं पान रात्रपाळीचं होतं. कँटीनमधला चहा, बसच्या खिडकीतून दिसणारी पहाट. तिने तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. दुसरं पान टिपर विकला त्या दिवसाचं. ते वाचताना त्याचा आवाज गेला. तिने "हं" म्हटलं आणि त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. तिसऱ्या वेळी त्याने बरीच पानं मागे उलटली.

"कौल लावायच्या आठ दिवस आधी मी पन्नास हजार भरून आलो होतो. गाडी ठरली होती. डावा आला असता तरी मी घेणारच होतो. देवीला विचारायला गेलो ते हिची समजूत पडावी म्हणून. त्या दिवशी हिला देवळात नेलं नसतं तर बरं झालं असतं. मी हिला खोट्या कौलाला साक्षी ठेवलं."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मला वाटलं, आता ती फुटेल. पाच वर्षं ती ज्या वाक्याखाली दबून होती, त्याचा अर्थच उलटा निघाला होता. खूप वेळाने ती म्हणाली, "हं."

तेव्हा त्याने वही मिटली आणि खाली बघत म्हणाला, "म्हाका लज दिसता." मला लाज वाटते. "रागावलो नाही देवीवर. तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?"

मीही तोवर चुकीचंच धरून चालले होते. देवळात न येणारा माणूस देवावर रुसलेला असणार, असं मला वाटलं होतं. पण ज्याच्या लेखी देवी उरलीच नाही, त्याला तिची लाज कशाला वाटेल? त्याची श्रद्धा जागच्या जागी होती. तिच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता, एवढंच.

यापुढचं मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली, "मी दर सोमवारी जाते ना देवळात. पाच वर्षं नुसती जाते. उजवा कौल देऊन आम्हाला बुडवलं असं मनात असायचं. हात जोडायचे, पण मन नसायचं. हे कुणाला सांगणार? यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, हिचाही विश्वास गेला."

न जाणाऱ्याचा विश्वास शाबूत होता आणि जाणारीचा तडकला होता. एका छपराखाली दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं होतं, दुसऱ्याला त्रास नको म्हणून. संसारात असं किती घडतं! दोन्ही बाजूंनी काळजीच असते, आणि मधे भिंत उभी राहते.

त्या दिवशी मी एक शब्दही सल्ला दिला नाही. माझ्या कामातले जे थोडे तास मी स्वतःशी जपून ठेवले आहेत, त्यांत तो आहे.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. पुढच्याच आठवड्यात ती भयंकर चिडून आली. पन्नास हजार तिला न सांगता भरले याचा राग आता कुठे वर आला होता, आणि तो रास्त होता. दोन बैठका त्या रागातच गेल्या. तो ऐकत राहिला. या वेळी "हं" म्हणायची पाळी त्याची होती.

आता मूळ प्रश्नाकडे. वाचावी का वही? नाही. त्यातलं एखादं वाक्य सुटं काढलं की त्याला आपल्या भीतीचा अर्थ चिकटतो, हे वर दिसलंच. शिवाय माणूस वहीत भांडणाच्या रात्री लिहितो, सुखाने झोप लागली त्या रात्री नाही. त्यामुळे वहीतला नवरा नेहमी खऱ्या नवऱ्यापेक्षा जास्त दुःखी दिसतो. वाचून झालीच असेल तर सांगून टाका, आणि सांगताना त्यातल्या मजकुराचा जाब विचारू नका. आधी फक्त "मी वाचली" एवढंच. खासगी असणं आणि चोरटं असणं यांत फरक आहे. आंघोळीला दार लावणाऱ्यावर आपण संशय घेत नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो पक्का लक्षात ठेवा. जगण्यात अर्थ नाही, माझ्याशिवाय यांचं बरं चालेल, अशा अर्थाचं काही नजरेला पडलं किंवा कानावर आलं, तर खासगीपणाचा विचार बाजूला ठेवायचा. सरळ विचारायचं, "मरणाचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. त्या माणसाला एकटं सोडू नका, गोव्यात असाल तर बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत घेऊन जा. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

लिहिणाऱ्यांनाही थोडं सांगायचं आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एका सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या कठीण प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. ज्यांनी घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिलं, त्यांना लिहिल्यावर लगेच उलट जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या महिन्यांत ते आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा गेले. म्हणून लिहून रडू आलं तर घाबरू नका, आणि नुसता हिशोब किंवा नुसता संताप लिहू नका, दोन्ही येऊ द्या. मात्र महिनोन्‌महिने तेच पान पुन्हा पुन्हा लिहिलं जात असेल, तर वहीला जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं झालं असं समजा. आता ते कुणा माणसापुढे वाचायला हवं. ऐकणारी व्यक्ती बायको किंवा नवराच हवी असं नाही. भाऊ, मैत्रीण, तुमचे गुरुजी, पाद्री, कोणीही चालेल. मधे बोलणार नाही असं मात्र हवं.

आणि ज्यांच्या घरात असं कोणी लिहितंय, त्यांनी स्वतःला एक विचारावं. गेल्या आठवड्यात या माणसाचं एखादं बोलणं मी मधे न अडवता शेवटपर्यंत ऐकलं का? उत्तर लगेच आठवलं नाही, तर आज रात्रीपासून करता येण्यासारखं काम तुमच्या हातात आहे.

ती गणेश चवथीनंतर एकदा फोनवर बोलली. गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची माटोळी बांधायला तो रजा घेऊन घरी होता. त्यानंतरच्या सोमवारी तिच्याबरोबर देवळातही गेला. कौल वगैरे लावला नाही. सभामंडपात खांबाला टेकून बराच वेळ उभा राहिला, गाभाऱ्यापर्यंत गेला नाही. तिने पुढे चला म्हटलं नाही.

"आणि वही?" मी विचारलं.

"डिकीतून घरात आली. फ्रिजवर असते, उघड्यावरच." मग जरा थांबून म्हणाली, "धूळ पुसताना हात थांबतो हो अजून. मग मी ती उचलते, खालची धूळ पुसते आणि परत ठेवते."